सातारा ते वाई, आठ दिवस, एकटीने : कास, शिवसागर, महाबळेश्वर, जोर, धोम

कारवी | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यातल्या घराला कुलूप लावलं, सॅक पाठीवर टाकली आणि चालत निघाले. आठव्या दिवशी संध्याकाळी वाईला ढोल्या गणपतीसमोरच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसले होते. चाललेलं अंतर साधारण ११५ किलोमीटर, शिवाय शिवसागरातला, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातला, लाँचचा एक टप्पा. वय ४६, शाळेत शिकवते. गटाबरोबर किल्ले पुष्कळ केले, पण इतके दिवस सलग आणि एकटीने हे पहिल्यांदाच. या वाटेवर जाणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

वाट ठरवताना डोक्यात एकच गोष्ट होती. माझ्या घरच्या नळाला कासचं पाणी येतं. ते येतं कुठून हे चालत जाऊन बघायचं, आणि मग एका खोऱ्यातून दुसऱ्यात असं करत कृष्णेपर्यंत पोचायचं. नकाशा पसरला की दिसतं, उरमोडी कासला उगम पावते, त्यापलीकडे कोयनेचं खोरं, वर महाबळेश्वर, तिथून पूर्वेला कृष्णा जोर गावाच्या अंगाने खाली उतरते आणि बलकवडी, धोम अशा दोन धरणांतून वाईला येते. म्हणजे एक पाणवठा संपला की डोंगराची धार चढायची, पलीकडे दुसरा हजर.

पहिला दिवस, सातारा ते कास. पहाटे साडेपाचला निघाले. यवतेश्वरचा घाट चढताना अजिंक्यतारा पाठीशी राहतो आणि उजाडता उजाडता खालचं शहर दिसायला लागतं. पुढे सगळा डांबरी रस्ता, २५ किलोमीटर. २०१२ साली कास पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं तेव्हापासून हंगामात या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. नोव्हेंबरात मात्र शुकशुकाट. फुलं संपलेली, गवत पिवळं पडलेलं, आणि जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळ, उघडा पडलेला. पठारावर तंबू टाकायचा नाही, हे नवीन मंडळींनी पक्कं ध्यानात ठेवा. त्या सड्यावर मातीचा थर बोटभरसुद्धा नाही, आणि पुढच्या वर्षीची सगळी फुलं त्याच बोटभर मातीत झोपलेली असतात. मी जवळच्या वाडीत एका घराच्या पडवीत झोपले. तलावावर संध्याकाळी गेले तेव्हा पाणी काठोकाठ होतं आणि वाऱ्याने बारीक लाटा भिंतीवर आपटत होत्या. हेच पाणी उद्या घरच्या पिंपात पडणार, असं मनात येऊन बराच वेळ तिथेच उभी राहिले.

दुसरा दिवस, कास ते बामणोली. सकाळी आधी महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत जाऊन आले. मग उतार. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर, तर शिवसागर भरलेला असताना त्याची पातळी ६५९ मीटर. म्हणजे अर्धा किलोमीटरहून जास्त उभं उतरायचं, आणि गुडघे ते बरोबर मोजतात. खाली भाताची कापणी उरकलेली होती, वरच्या उतारांवर वरी आणि नाचणी अजून खळ्यावर. एका खळ्यावर तीन बायका वरी झोडत होत्या. मलाही हातात काठी दिली. वरीचा दाणा इतका बारीक की शेणाने सारवलेल्या खळ्यात एक चीर असली तरी तिच्यात मूठभर धान्य जातं, म्हणून त्यातली एक जण अधूनमधून थांबून ओलं बोट फिरवत चिरा बुजवत होती. तिथे नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मिळालं. पैसे घेईनात, तेव्हा मी पोरांसाठी आणलेल्या वह्या-पेन्सिली दिल्या. त्यांनी त्या आनंदाने घेतल्या.

तिसरा दिवस, लाँचने तापोळा. पर्यटकांची बोट न घेता गावकऱ्यांच्या लाँचने गेले. माझ्या शेजारी दळणाचे डबे घेतलेल्या दोन आज्या, एक शेळी, आणि दप्तर मांडीवर घेतलेली मुलगी. पश्चिमेकडचा काठ म्हणजे कोयना अभयारण्य, वासोट्याचं रान. तिकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही आणि मुक्काम तर अजिबात नाही. हा सगळा भाग २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मी तिकडे गेले नाही.

चौथा दिवस, तापोळा ते महाबळेश्वर. हा दिवस अंगावर आला. सलग चढ, डांबरी रस्ता, वर जाऊ तशी वाहनं वाढत गेली. पहाटे पाचला निघाले म्हणून अर्धा रस्ता शांततेत झाला. पहिल्या तासाभरात वळणावर गवा उभा होता. काळाभोर, आणि पायांत पांढरे मोजे चढवावेत तसे चारही पाय गुडघ्याखाली पांढरे. मी टॉर्च खाली केली, मागे सरकून कठड्याच्या आड बसले. त्याने बरोबर २५ मिनिटं घेतली. मग दोन माद्या आणि एक वासरू रस्ता ओलांडून गेले, तेव्हा कळलं तो का थांबला होता.

पाचवा दिवस, क्षेत्र महाबळेश्वर ते जोर. पंचगंगेच्या देवळात दर्शन घेतलं आणि कृष्णेबरोबर खाली उतरायला लागले. इथे माझी वाट चुकली. त्याबद्दल खाली वेगळं लिहिते, कारण या सगळ्या धाग्यात तेच सर्वांत उपयोगाचं आहे.

सहावा ते आठवा. जोरहून बलकवडीच्या पाण्याच्या कडेने नांदगणे. सातव्या दिवशी कमळगड. गडावर तट नाही, बुरूज नाही, दरवाजाही नाही, पण गेरूची विहीर आहे. तांबड्या मातीत खोल खोल पायऱ्या उतरत जातात, दोन्ही बाजूंच्या भिंतींना हात लावला की तळवे लाल होतात आणि बाहेर ऊन असताना आत अंगावर शहारा येतो. आठव्या दिवशी धोमचं नृसिंहाचं देऊळ, मेणवलीचा घाट, वाई.

आता वाट चुकण्याबद्दल. क्षेत्र महाबळेश्वरहून उतरताना तासाभराने दोन वाटा फुटल्या. एक रुंद, मळलेली. दुसरी बारीक. मी रुंद धरली. वीस मिनिटांत ती कारवीच्या झुडपांच्या रानात शिरली आणि विरून गेली. पुढे गेले तर उभा कातळ, खाली पाण्याचा आवाज. त्या आवाजाच्या रोखाने उतरावं असं फार वाटलं. उतरले नाही. सॅक काढली, बसले, पाणी प्यायले, आणि मग शिट्टी वाजवली. तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा. बऱ्याच वेळाने वरून "ओSS" आलं. जोरचे एक गुराखी बाबा होते. ते खाली आले नाहीत. मला वर बोलावलं, फाट्यापाशी नेलं आणि म्हणाले, "ताई, ती गुरांची. माणसांची हिकडनं."

ओळखायचं कसं, विचारलं. त्यांनी बारक्या वाटेवरची एक फांदी दाखवली. कोयत्याने तोडलेली, माझ्या डोक्याच्याही वर हातभर. माणूस डोक्यावर भारा घेऊन जातो, म्हणून माणसांच्या वाटेवर फांद्या उंचावर छाटलेल्या असतात. गुरांच्या वाटेला खाली पायाशी सगळं साफ, पण छातीच्या उंचीला फांद्या तोंडावर येतात. मी ज्या वाटेने गेले होते तिथे पहिल्या पन्नास पावलांतच माझी टोपी दोनदा फांदीत अडकली होती. खूण समोर होती, मला वाचता आली नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.

---

मिरजेची_मीरा | १८ नोव्हेंबर, रात्री १०.२५

कारवीताई, एका दमात वाचलं. वाचनखूण साठवली.

मी ३४ वर्षांची, मिरजेत नर्स आहे. गेली तीन वर्षं असं एकटीने चालायचं मनात आहे, घरचे हो म्हणत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, रात्री झोपणार कुठे? तुम्ही मुक्कामाची घरं आधी ठरवली होती का? आणि अनोळखी घरात गेल्यावर काय सांगितलंत, एकटी का फिरतेस म्हणून कुणी विचारलं नाही?

---

घाटवाटकर | १८ नोव्हेंबर, रात्री ११.१०

कारवी, मनापासून अभिनंदन. फांदीची खूण मला तीस वर्षं फिरून माहीत नव्हती.

एक मतभेद नोंदवतो. राग नसावा. सलग पायी प्रवास म्हटला की त्यात वाहन नको, मग ते पाण्यावरचं असो. बामणोली ते तापोळा लाँच घेतली तिथे वाट तुटली. त्यापेक्षा कासवरून खाली न उतरता राजमार्गाने तसंच उत्तरेला धारेवरून महाबळेश्वर गाठता येतं. एका बाजूला वेण्णेचं खोरं, दुसऱ्या बाजूला कोयनेचं, आणि पाय जमिनीवरून उचलायची गरज नाही. अर्थात पाण्याचं नियोजन हवं. डिसेंबर उलटला की वरचे झरे आटतात, माणशी तीन लिटर तरी पाठीवर हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्यांमुळे धारेवर जाऊच नये.

तुम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने चालत तापोळ्याला जायचा विचार का केला नाही, हेही जाणून घ्यायला आवडेल.

---

कारवी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मीरा, पहिल्या चार मुक्कामांची घरं आधी ठरली होती, फोनवर बोलणं झालेलं. जोर आणि नांदगणेला ऐनवेळी. गावात शिरल्यावर मी आधी शाळा किंवा अंगणवाडी गाठायची. तिथल्या बाई कुणाकडे राहायचं ते नेमकं सांगतात, आणि त्यांनी पाठवलंय म्हटलं की घरातल्या बायकांचा चेहरा खुलतो. एकटी का, हे प्रत्येक घरात विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की आमच्या नळाचं पाणी कुठून येतं ते बघत चाललेय. एका आजीने त्यावर "मग बघून घे बाई नीट" एवढंच म्हणून अंगावर गोधडी घातली. अंधार पडायच्या आत गावात पोचायचंच, हा नियम मात्र एकदाही मोडला नाही.

घाटवाटकर, राग कसला. किनाऱ्याने जायचा विचार केला होता. नकाशावर बघा, प्रत्येक ओढ्याच्या तोंडात जलाशयाचं पाणी आत घुसलेलं आहे, पंजाच्या बोटांसारखं. समोरची वाडी हाकेच्या अंतरावर दिसते आणि तिथे पोचायला डोंगराला वळसा. तरी लाँचमुळे वाट तुटली हे मला पटत नाही. का ते शब्दांत नीट मांडता येत नाहीये.

---

जुना_जावळीकर | १९ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मी इथे फारसा लिहीत नाही, वाचत असतो. कारवीताईंना जे मांडता येत नाही म्हणतात ते मी मांडून बघतो.

आमचं गाव त्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. कोयना नदी आमच्या खाचरांना लागून वाहायची. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, पावसाळ्यात होडी. माझे आजोबा हिरड्याचं ओझं डोक्यावर घेऊन कासच्या चढाने साताऱ्याला जायचे. पहाटे निघायचे आणि दिवेलागणीला पोचायचे. उलट दिशेला नदी ओलांडून घाटाने खाली कोकणात उतरायचं, मीठ आणि सुकी मासळी आणायची. सातारा, कास, आमचं गाव, नदी, घाट, कोकण अशी ती एकच वाट. आता तिचा मधला तुकडा पाण्याखाली आहे. लाँच त्या तुकड्यावरूनच जाते, पन्नास-साठ हात वरून. घाटवाटकर, तुमचा मुद्दा चालणाऱ्याच्या बाजूने बरोबर असेल. पण आमच्यासाठी वाट तुटली ती धरण भरलं तेव्हा. लाँचने ती पुन्हा जोडली.

आम्हाला सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. भात पिकवणारी माणसं आम्ही, ज्वारी कशी पेरायची हे माहीत नव्हतं. आजीने पहिली दोन वर्षं ज्वारीची भाकरी पोटभर कधी खाल्ली नाही. जमिनीचा सातबारा हातात पडेपर्यंत वडिलांच्या चपला झिजल्या, किती वर्षं ते इथे लिहीत नाही. चुलते गेले नाहीत. ते पाण्याच्या वर सरकून डोंगराच्या अंगाला झोपडी बांधून राहिले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा ते तिथेच होते. घर गवताचं होतं म्हणून वाचले. मातीच्या आणि दगडाच्या भिंती होत्या ती घरं खाली बसली. त्यानंतरही ते हलले नाहीत. त्यांचा नातू आज त्या भागात लाँच चालवतो.

आजी मरेपर्यंत दिशा सांगताना "नदीकडे" आणि "डोंगराकडे" असंच म्हणायची. सोलापूरच्या माळावर ना नदी होती ना डोंगर. आम्हा पोरांना कळायचं, नदीकडे म्हणजे उगवतीला, विहिरीच्या बाजूला.

कारवीताई, तुमच्या शेजारी दळणाचे डबे घेऊन बसलेल्या आज्यांचं वाचून बरं वाटलं. पुढे कुणी बामणोलीहून लाँचने गेलात तर म्हाताऱ्या चालकाला विचारा, कुठलं गाव कुठे होतं. त्यांना सगळं माहीत असतं. आम्ही नकाशावरून गेलो तरी त्यांच्या तोंडी पाण्यातल्या जागांना गावांचीच नावं आहेत.

---

घाटवाटकर | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ५.१५

काका, माझं म्हणणं मागे घेतो. नमस्कार करतो.

---

सह्यवारा | १९ नोव्हेंबर, रात्री ८.५०

धागा चांगला चाललाय, पण मला काही कडक बोलायचं आहे. आमच्या भागात कुणी दरीत अडकलं की दोर घेऊन जाणाऱ्या मुलांपैकी मी एक. एकट्याने जाऊ नका असं मी म्हणत नाही. एकट्याने जाताना कुणाला न सांगता जाऊ नका असं म्हणतो.

गेल्या काही वर्षांत जे शोध लांबले त्यात कारण एकच होतं. माणूस डोंगराच्या कुठल्या सोंडेने उतरला हे घरच्यांना माहीत नव्हतं. "महाबळेश्वरला गेलाय" एवढंच. महाबळेश्वरहून खाली उतरणाऱ्या वाटा किती आहेत? एका वेळी आम्ही दोन रात्री चुकीच्या खोऱ्यात हाका मारत होतो. तिसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा जिवंत होता, पण पाय कायमचा अधू झाला. पहिल्या रात्री पोचलो असतो तर पाय वाचला असता.

म्हणून कागदावर लिहून घरी ठेवा, रोज कुठून कुठे आणि किती वाजेपर्यंत. ज्या गावातून निघाल तिथे पोलीस पाटलांना सांगून निघा, पोचाल तिथल्या पाटलांना भेटा. ते एकमेकांना ओळखतात, फोन करतात. रेंज असेल तिथे ११२, रुग्णवाहिकेला १०८, रानातलं काही असेल तर वनखात्याचा १९२६. वाट हरवली की पाण्याच्या आवाजाकडे उतरू नका. ओढा शेवटी कड्यावरून उडी मारतो, आणि आम्हाला माणसं बहुतेक वेळा तिथेच सापडतात. कारवीताई उतरल्या नाहीत म्हणून आज हा धागा आहे.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सुगंधी तेल लावून जाऊ नका, कड्याखाली धूर करू नका, मोठ्याने ओरडू नका.

---

कारवी | १९ नोव्हेंबर, रात्री १०.००

सह्यवारा, एकेक शब्द पटला. मी घरी कागद ठेवला होता, पण पाचव्या दिवसाच्या रकान्यात "महाबळेश्वर ते जोर" एवढंच होतं, कुठल्या वाटेने ते नव्हतं. तुमचं वाचल्यावर तो कागद पुन्हा काढून बघितला आणि पोटात गोळा आला. पोलीस पाटलांना मी फक्त जोर आणि नांदगणेला भेटले, तेही तिथल्या शिक्षिकेने नेलं म्हणून.

सामानाबद्दल दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, इथेच सांगते. सॅक पाण्यासकट ९ किलो. तंबू नेला नाही, फक्त चटई आणि स्लीपिंग बॅग. महाबळेश्वरला पहाटे थंडी कडाक्याची असते, डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, त्यामुळे कानटोपी विसरू नका. पायात हंटर शूज, आठ दिवसांत एक फोड आला तोही डांबरी रस्त्यामुळे. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची पत्रकं छापून प्लॅस्टिकमध्ये घातली होती आणि फोनवर ऑफलाइन नकाशा. दोन्हीत गुरांची वाट आणि माणसांची वाट सारखीच तुटक रेघ असते.

---

मिरजेची_मीरा | २० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

सह्यवारांनी आग्या मोहोळाचं लिहिलं, मी माझ्या कामातलं थोडं सांगते. सापाचं.

आपल्याकडे जी प्रतिसर्पविषाची लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. सह्याद्रीतल्या दाट रानात हिरवा चापडा असतो, त्याच्यावर ही लस उपयोगाची नाही. तिथे दवाखान्यात नेऊन सूज, वेदना, रक्तस्राव यांच्यावर उपचार करावे लागतात. चावल्यावर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. आवळून बांधलेल्या दोरीने पाय काळा पडलेला मी स्वतः पाहिला आहे. हात किंवा पाय हलू नये म्हणून काठीला सैल बांधा, अंगठी-पैंजण काढा, आणि शक्य तितकं न चालता दवाखाना. साप मारून आणायची गरज नाही. त्या प्रयत्नात दुसऱ्यालाही चावतो. फुरसं सड्यावर आणि दगडांत असतं, त्यामुळे कासला बसण्याआधी दगडाखाली काठी फिरवा. रात्री लघवीला जाताना टॉर्च आणि बूट, दोन्ही.

आणि घरचे हो म्हणाले! हा धागा आईला वाचून दाखवला. जावळीकर काकांचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, लाँचने जाशील तिथपर्यंत जा, पुढचं नंतर बघू. म्हणून पहिल्यांदा सातारा, कास, बामणोली, तापोळा एवढंच करणार. तापोळ्याहून एसटीने परत. कागद दोन प्रती, एक घरी आणि एक वॉर्डातल्या सिस्टरकडे.

---

कारवी | २० नोव्हेंबर, सकाळी ७.२०

मीरा, कासजवळच्या आणि बामणोलीच्या घरांचे नंबर व्यनि करते. खळ्यावरच्या बायका भेटल्या तर वह्या पोचल्या का ते विचार, त्यातली छोटी पोरगी चित्रं काढते.

---

मिरजेची_मीरा | ९ डिसेंबर, रात्री ९.१५

परत आले. पाय दुखताहेत आणि खूप बरं वाटतंय.

कासचा रस्ता ताईंनी लिहिला तसाच. उतरताना एका ठिकाणी वाट फुटली तेव्हा आधी वर बघितलं. फांद्या उंचावर छाटलेल्या होत्या, बिनधास्त गेले. खळी रिकामी झाली होती, पण त्या घरी पोचले. छोटीने वही भरली आहे, अर्धी लाँचच्या चित्रांनी.

बामणोलीला लाँचच्या धक्क्यावर सगळ्यांत म्हातारे जे चालक दिसले त्यांना विचारलं. काकांनी व्यनितून गावाचं नाव दिलं होतं, ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "कुणाची तुम्ही?" म्हणाले. मी म्हटलं, कुणाची नाही, पण त्या गावच्या एकांनी सांगितलंय. लाँचमध्ये आठ-नऊ माणसं होती, सकाळची वेळ, पाणी अगदी स्थिर. अर्ध्या तासाने त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की काठावरच्या बगळ्याचे पंख ऐकू आले. त्यांनी हाताने दाखवलं, ही सोंड उतरते ना, तिच्या पायथ्याला घरं, इकडे खाचरं, आणि इथे, आपण आहोत तिथे, नदीचा उतार. लाँचमधल्या एका आजीने पदराच्या गाठीतून सुपारी काढली आणि पाण्यात सोडली. म्हणाल्या त्यांचं माहेर. कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी इंजिन सुरू केलं.

फोटो काढावा असं वाटलं नाही, काका, माफ करा. पण त्या सोंडेवर एक मोठं झाड आहे, लांबून दिसतं. चालक म्हणाले आंबा.

---

जुना_जावळीकर | १० डिसेंबर, पहाटे ५.४०

मीराताई, तो आंबा नव्हे, जांभूळ. आंबा त्याच्या खाली होता, तो बुडाला. जांभळाच्या सावलीत शाळा भरायची.

त्या आजींचं माहेरचं आडनाव विचारलं होतंत का? नसेल तर त्या चालकांचा नंबर मला व्यनि करा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो, असं चुलते सांगायचे. यंदा मे महिन्यात मुलाला घेऊन यावं म्हणतो. कासच्या उतारावर माझ्या गुडघ्यांनी साथ दिली तर चालत, नाहीतर एसटीने बामणोलीपर्यंत.